यमुनाबायची मुंबई

आधीच सांगून टाकते — मी प्राथमिक शाळेची शिक्षिका. आमच्या गावात अंगात येणाऱ्या बायकांना मी तांब्याभर पाणी पाजून, पाठीवरून हात फिरवून घरी पाठवलेलं आहे. वर्गात लिंबू-मिरचीची गंमत करून दाखवायचे. त्यामुळे या सदरातले अनुभव वाचताना मी नेहमी मनात म्हणत आले, ‘काहीतरी साधं कारण असणार, यांना सापडलं नाही इतकंच.’ आज मी स्वतःच लिहायला बसलेय, आणि तेच साधं कारण मला गेली कित्येक वर्षं सापडत नाहीये…

गोष्ट सत्तरच्या दशकातली. कर्जतजवळच्या कडावच्या शाळेत माझी नेमणूक होती. मिस्टर खोपोलीला एका कारखान्यात शिफ्टला, म्हणजे आठवड्यातले चार दिवस घरात मी आणि माझी सहा वर्षांची मुलगी शुभा. शेजारी यमुनाबाय. वय असेल चाळीस-बेचाळीस. नवरा, दोन खाचरं भातशेती, तीन म्हशी. अक्षरओळख नाही. आणि मुद्दाम लिहून ठेवते — ही बाई तोवर कर्जत स्टेशनच्या पलीकडे गेलेली नव्हती. “म्हशींचं कोन करनार?” हे तिचं ठरलेलं उत्तर.

भाताची झोडणी आटपली, की डिसेंबरात गावातली माणसं मुंबईच्या फेऱ्या करत. कुणाला स्वेटर हवा, कुणाला बॅटरीचा बल्ब, कुणाच्या प्रेशर कुकरची रबरी रिंग सैल झालेली, कुणाच्या ट्रान्झिस्टरचा आवाज बसलेला. निघायच्या आदल्या दिवशी माणूस यमुनाबायच्या ओट्यावर जाऊन विचारायचा, “यमुनाबाय, हे कुठं मिळंल गं?” आणि ती हातातलं काम न थांबवता सांगायची — अमुकसारखा पूल, तमुकसारखं वळण, दुकानात बसलेला माणूस कसा. लोक जायचे, वस्तू घेऊन यायचे. गावाला त्यात काही नवल वाटत नसे. विहिरीला पाणी कुठे लागेल ते सांगणारा माणूस असतो ना, तसंच हे.

मला वाटायचं, मुंबईला नोकरीला जाणाऱ्यांना ही रोज दूध घालते, त्यांच्याकडून ऐकत असेल. साधं कारण. त्या हिवाळ्यात माझा विणायला घेतलेला स्वेटर लोकरीवाचून एका बाहीवर अडला होता. तीच शेड कुठेच मिळेना. यमुनाबायनी ती अर्धी बाही हातात घेतली आणि म्हणाली, “बाई, एक दुकान हाय, त्याच्या पाटीवरच्या अक्षरांना वर रेघ नाय. तिथं तळाच्या फळीवर ह्या लोकरीच्या चार लडी हायत.”

वर रेघ नसलेली अक्षरं… मी शिक्षिका, मला लगेच कळलं, ती गुजराती पाटी सांगतेय. पण जिला अ-आ येत नाही, तिला गुजरातीचा फरक कुणी सांगितला असेल? माझ्या भावाने दादरला ते दुकान शोधून काढलं. तळाची फळी. चार लडी. मी कौतुक केलं आणि विसरून गेले.

आता शुभाविषयी. दोन वर्षांची असताना तापात तिचं ऐकणं गेलं. पाचव्या वर्षी कानाचं मशीन मिळालं — तेव्हाचं मशीन म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, छातीवर कापडी खिशात ठेवायची आणि तिची वायर कानापर्यंत. वर्षभरात पोर बोलायला लागली होती. ‘आई’, ‘पाणी’, ‘म्हैस’… प्रत्येक शब्द आम्ही सण साजरा केल्यासारखा साजरा करायचो. आणि त्या डिसेंबरात एका सकाळी, मी तिला आंघोळ घालायला घेतली आणि मशीन काढायचं विसरले. माझीच चूक. कढत पाण्याचा तांब्या थेट डबीवर.

मशीन बंद पडलं. मुंबईत जिथून घेतलं होतं तिथल्या माणसाने उघडूनही पाहिलं नाही. म्हणाला, हे मॉडेल आता येत नाही. नवं परदेशातून मागवावं लागेल, सहा महिने धरून चाला. सहा महिने! इकडे पंधरवड्यातच शुभाचे शब्द झिजायला लागले. ‘पाणी’चं ‘पाई’ झालं. ‘म्हैस’ म्हणणं तिने सोडूनच दिलं, नुसतं बोट दाखवायची. एक दिवस तिने मला हाकच मारली नाही — येऊन पदर ओढला.

त्या सोमवारी शाळा सुटल्यावर मी यमुनाबायच्या ओट्यावर जाऊन बसले. ती वालाच्या शेंगा सोलत होती. मी काही विचारायला गेले नव्हते, खरंच. रडायला गेले होते. तिने ऐकून घेतलं, शुभाची डबी हातात घेतली आणि पहिल्यांदाच मी तिचे हात थांबलेले पाहिले.

“बाई,” ती हळू आवाजात म्हणाली, “टेसनाचा पूल उतरलात की घोड्यांचं पानी प्यायचं दगडी टाकं हाय. त्यात पानी नाय, कोनीतरी कांदे भरून ठेवलेत. तिथनं म्होरं जावा. एका गल्लीत दुकानादुकानाला वायरींची भेंडोळी टांगलीत… त्यात पिवळी इमारत. तिला बांबू बांधलेत, समोरनं वाट नाय. मागं लोखंडी जिना हाय. तिसरा माळा.”

“कुणाचं दुकान आहे?”

“दुकान नाय. पाटी पन नाय. दाराला निळा रंग दिलाय, पन अर्ध्यातच सोडलाय. आत बसलाय त्याचं केस पांढरं, एका डोळ्याला भिंग. डाव्या हाताला अंगठा नाय.” मग डबी माझ्या हातात परत देत, “चांगला मानूस हाय. पोरीला संगती न्या.”

“कुठल्या स्टेशनचा पूल, यमुनाबाय?”

“नाव मला कुठं वाचता येतंय? व्हीटीच्या आधीचा.”

म्हणजे मशीद बंदर. मी रजेचा अर्ज लिहिला आणि मंगळवारी सकाळी शुभाला घेऊन निघाले. विश्वास होता म्हणून नव्हे — दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून.

पूल उतरले. दगडी टाकं होतं. त्यात कांद्याच्या गोणी रचलेल्या. शुभाचा हात घट्ट धरून चालत राहिले. केवढी ती लगबग! हातगाड्या, पंख्यांची पाती, इस्त्र्या, मिक्सर, काचेची झुंबरं… एक हमाल डोक्यावर माणूसभर आरसा घेऊन चालला होता आणि त्या आरशात अख्खं आभाळ हलत होतं. वाट विचारत, चुकत, पुन्हा माघारी येत शेवटी ती वायरींची गल्ली सापडली. पिवळी इमारत. बांबूंची परांची. मागे लोखंडी जिना.

तिसऱ्या माळ्यावर अर्धं निळं, अर्धं जुन्या लाकडाचं दार. उघडंच होतं.

आत भिंतभर घड्याळं. त्यांच्यामध्ये पांढऱ्या केसांचा एक गृहस्थ, डोळ्याला भिंग लावून बसलेला. मी आधी त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. अंगठा नव्हता.

“बोलिए बहेनजी,” तो म्हणाला. “घडी?”

मी डबी पुढे केली. त्याने ती कानाशी हलवली, वास घेतला. “पानी गया. गरम पानी,” म्हणाला. मग स्टुलावर शुभाला बसवून त्याने कामाला सुरुवात केली. त्याला मी युसुफभाई म्हणेन. खरं नाव इथे देत नाही.

ते दोन तास मी जन्मभर विसरणार नाही. घड्याळजी माणूस, कानाचं मशीन त्याने त्याआधी आयुष्यात उघडलेलं नव्हतं — हे त्यानेच सांगितलं. पण उघडल्यावर पाच मिनिटं तो नुसता पाहत राहिला, नवीन गावात आलेला माणूस आधी रस्ते पाहून घेतो तसा. मग चिमट्याने एकेक तुकडा सुटा करून पांढऱ्या कापडावर ओळीने मांडला. अंगठा नसलेल्या हाताची दोन बोटं अशी काही वाकवायचा, की केसाएवढी तार तिथे पकडीत धरल्यासारखी राहायची. स्पिरिटने पुसलं, टेबल लॅम्पच्या उबेवर सुकवलं, एका जुन्या ट्रान्झिस्टरमधून तार काढून ती कथलाचा डाग देऊन जोडली. मध्येच शुभाला एक मोडका अलार्म खेळायला दिला. कामात असलेल्या माणसाचं इतकं सुंदर रूप मी क्वचितच पाहिलंय.

डबी बंद केली, खिशात सरकवली, वायर शुभाच्या कानात बसवली. खुंटी फिरवली.

शुभा ताठ झाली. तिने भिंतीकडे पाहिलं. स्टुलावरून उतरली, सगळ्यात मोठ्या घड्याळाजवळ गेली, त्याला गाल लावला आणि म्हणाली, “टिक.” मग दुसऱ्याजवळ — “टिक.” मग माझ्याकडे वळून, “आई! टिक, टिक!”

मी रडले. युसुफभाईंनी भिंग काढून डोळे पुसले आणि उगाचच एका घड्याळाला चावी द्यायला लागले.

चहा आला तेव्हा ते म्हणाले, “एक बात बताइए. मैं चार दिन पहले इस कमरे में आया हूँ. बोर्ड भी नहीं लगाया. आप को भेजा किसने?”

“कर्जतजवळचं कडाव. तिथली एक बाई.”

“कर्जत?” त्यांनी मान हलवली. “नाम सुना है. कभी उतरा नहीं. वहाँ मेरा कोई नहीं.”

मी दाराकडे बोट दाखवलं, रंग अर्धा का म्हणून विचारलं. ते हसले. “कल शाम को पाँच बजे शुरू किया. साँस फूल गयी, छोड़ दिया.”

परतीच्या गाडीत शुभा प्रत्येक आवाजाला नाव विचारत होती आणि माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. यमुनाबायनी मला अर्ध्या रंगाचं दार सांगितलं तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. शाळा तीनला सुटते. त्या वेळी त्या दाराला अजून ब्रशही लागलेला नव्हता…

यमुनाबायला विचारलं तर ती म्हणाली, “मला काय म्हाइत? दिसलं तसं सांगितलं.” आणि शुभाला मांडीवर घेऊन बसली. “बोल गं बाय, म्हैस म्हन.” शुभा म्हणाली, “म्हैस!” झालं. तिच्या दृष्टीने विषय संपला.

माझ्या नाही. मला वाटलं, या बाईचे उपकार कसे फेडू? साडी दिली तर घेणार नाही. मग ठरवलं, जी मुंबई ही सगळ्यांना दाखवते, ती हिला एकदा दाखवायची. संक्रांतीनंतरचा एक दिवस ठरवला. म्हशींची जबाबदारी मिस्टरांनी घेतली! ती नको-नको म्हणत होती, पण पहाटे उठून ठेवणीतलं लुगडं नेसून तयार.

आम्ही मशीद बंदरला उतरलो. पूल उतरलो. ती जागच्या जागी थांबली आणि तिने माझं मनगट पकडलं.

“बाई, ही कुठली म्हनायची?”

“मुंबई, यमुनाबाय. हे बघा तुमचं टाकं.”

तिने टाक्याकडे पाहिलं, अनोळखी वस्तूकडे पाहतात तसं. तिला काहीच ओळखता येईना. ना गल्ली, ना इमारत. कुठे वळायचं ते मी सांगत होते आणि ती लहान मुलीसारखी माझ्यामागून येत होती. युसुफभाईंच्या खोलीत दोघं समोरासमोर आली. त्यांनी हात जोडले, हिनेही जोडले. एकमेकांना कधीच न पाहिलेली दोन माणसं, बस्स. पण भीती ओसरल्यावर ती दिवसभर इतकी खुश होती! दुमजली बसमध्ये वर बसली, समुद्राच्या पाण्यात पाय बुडवले, फुटपाथवर चाकू-कात्रीला धार लावणाऱ्यासमोर अर्धा तास उभी राहिली. “मानसं किती कामं करत्यात बाई,” पुन्हा पुन्हा म्हणत होती. “आनि कशी निगुतीनं करत्यात!”

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी शेजारचा एकजण तिच्या ओट्यावर आला. स्टोव्हचा कुठलासा भाग हवा होता. यमुनाबायनी हात थांबवले. मग म्हणाली, “नाय रं दिसत.”

नंतरही कधी दिसलं नाही. मला फार अपराधी वाटलं. एक दिवस धीर करून विचारलं, “यमुनाबाय, मी तुम्हाला नेलं म्हणून गेलं का हो?”

ती हसली. “आवो बाई, आदी मी तिथं नवते, म्हनून समदं दिसायचं. आता बघायला गेले की त्या पुलाखाली मीच उभी असते, तुमचा हात धरून. तिच्यापल्याड काय दिसतच नाय.” मग म्हणाली, “जाऊ दे की. बघायची होती, बघितली.”

मी हे अनेकांना सांगितलंय. डॉक्टर असलेला माझा मावसभाऊ म्हणतो, कुणीतरी तिला सांगितलं असणार. असेलही. पण सोमवारी दुपारी साडेतीनला, संध्याकाळी पाचला घडायची गोष्ट कोण कुणाला सांगेल? यमुनाबाय गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे विचारायलाही कुणी उरलं नाही. ती होती तेव्हा तरी तिला कुठे ठाऊक होतं म्हणा… मला नाही कळलेलं. आणि खरं सांगू? आता कळावं असा हट्टही राहिलेला नाही.