दोन भरतीरेषा आणि ताईचं घर

कचेरीत सगळे त्याला रेघोबा म्हणत. तीस वर्षं नकाशेच काढले बिचाऱ्याने. आणि आता निवृत्तीला चार महिने उरले असताना त्याचं डोकं पार भंजाळून गेलं होतं.

झालं असं. किनारा सांभाळणारं खातं वरच्या मजल्यावर, शहराचा आराखडा करणारं खालच्या. दोघांचे नकाशे शुक्रवारपर्यंत एक करा, असा हुकूम सुटला. रेघोबाने काचेच्या टेबलावर दोन्ही एकावर एक ठेवले, खालून दिवा लावला, आणि बघतो तर काय, भरतीच्या रेषा दोन! मधे चाळीस पावलांचं अंतर, आणि नेमकं त्यातच त्याच्या थोरल्या बहिणीचं घर. खालच्यांच्या नकाशात ते कोरड्या जमिनीवर, वरच्यांच्या नकाशात भरतीच्या पाण्यात. वरची रेघ धरली तर ताईला घर सोडावं लागणार होतं.

तो वर गेला. "आम्ही गेल्याच वर्षी मोजलंय. खालच्यांना विचारा."

खाली आला. "आमचा आराखडा मंजूर आहे. वरच्यांना विचारा."

जिने चढून-उतरून गुडघे बोलायला लागले, पण उत्तर मिळेना. अहो, समुद्र एकच ना? मग खरं कुणाचं मानायचं माणसाने?

शेवटी त्याने खालच्यांचा मूळ कागद कपाटातून उपसून काढला. कोपऱ्यात सही त्याचीच! तेव्हा तो नोकरीत नवा होता. आज ताईचं घर आहे तिथे पाणी आत घुसलेलं, किनारा वेडावाकडा. साहेबांना मात्र रेघ देखणी लागायची. म्हणून पठ्ठ्याने वळणाची पट्टी लावली आणि तो कोनाडा एका झोकदार रेघेत बुजवून टाकला. शिवाय ताईला हौसेने सांगितलं, "ही जागा डोळे झाकून घे."

संध्याकाळी तो ताईच्या स्वयंपाकघरात मान खाली घालून बसला आणि सगळं बोलून गेला. लाज वाटत होती, रडूही येत होतं, काय करावं सुचत नव्हतं.

"मला ठाऊक आहे," ताई म्हणाली. "दर पौर्णिमेला पाणी इथवर येतं."

"आँ? मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"जागा दाखवताना किती खूश होतास रे तू! तू यायचा असलास की आधी फरशी कोरडी करून ठेवायचे मी."

रेघोबाने खाली वाकून फरशीवरून हात फिरवला.

"आता खरी रेघ काढ," ती म्हणाली, "आणि तुझ्याकडची मागची खोली माझ्यासाठी रिकामी कर."