त्यांनी भाजलं, मी खाल्लं

लग्न होऊन मी देऊळघाटला आले तेव्हा आमच्या घरात मटण शिजत नसे. सासूबाई माळकरी. मटणाची भांडी गोठ्यात पालथी घातलेली असत. कधी मनात आलं की पुरुष मळ्यात दगडांची चूल मांडत आणि तिथंच शिजवत. आमच्या ह्यांच्या हाताला भारी चव होती. आजूबाजूच्या मळ्यांतले लोक वास काढत यायचे आणि हे सगळ्यांना आग्रह करून वाढायचे. बायकांची पाळी सगळ्यात शेवटी. पातेल्याच्या बुडाला जे राहील ते गोठ्याच्या ओट्यावर बसून खायचं, हात धुऊन, चूळ भरून मगच घरात पाऊल टाकायचं. मला त्यात काही वावगं वाटत नसे. माझ्या माहेरीही असंच होतं.

मग ह्यांना घास अडकायला लागला. आधी भाकरी उतरेना, मग भात उतरेना. ज्वारीच्या कण्या पातळ करून दिल्या तरी घोटाघोटाला डोळ्यांत पाणी यायचं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मुंबईला न्या. महाराष्ट्र होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या लेखी मोठं गाव म्हणजे नागपूरच; मुंबई म्हटलं की त्यांना परमुलखासारखं वाटायचं. मुलगी नुकती बोलायला लागली होती. तिला सासूबाईंजवळ ठेवलं आणि आम्ही दोघं मलकापूरहून गाडीत बसलो. लग्नानंतर दोघांनीच कुठं जायची ती पहिली वेळ.

मुंबईत दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत राहिलो. रोज सकाळी दवाखान्यात ह्यांना यंत्राखाली झोपवून विजेचा शेक द्यायचे. छातीची कातडी काळी पडली. मी मिळेल तिथून दूध आणायची, धर्मशाळेतल्या सामायिक चुलीवर भाताची पेज करायची. ती वाटीभर पोटात जायला अर्धी सकाळ लागायची. मी स्वतः त्यांच्यासमोर खात नसे. ज्याला थुंकी गिळता येत नाही त्याच्यासमोर कसं खावं? जिन्याखाली उभी राहून पाव चहात बुडवून खायची, नाहीतर गावाहून आणलेले मुरमुरे तोंडात टाकायची आणि पदरानं तोंड पुसून वर जायची.

एक दिवस मोठ्या डॉक्टरांनी मला आत बोलावलं. हे बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टर मराठी होते, सावकाश बोलले. म्हणाले, "बाई, शेकाचा उपयोग झालेला नाही. आता यांना घरी घेऊन जा. जे आवडेल ते खाऊ घाला."

मी मान हलवली. बाहेर आले. ह्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली पाहिलं.

"घरी जा म्हणले?"

मी पदर तोंडाशी धरला.

"बरं," ते म्हणाले. "रडू नको. इथं नको. लोक पाहून राह्यले."

आम्ही रस्त्यावर आलो. ऊन होतं. मला वाटलं धर्मशाळेकडे वळतील, पण ते उलट्या दिशेनं चालू लागले. दम लागायचा, भिंतीला हात लावून थांबायचे, पुन्हा चालायचे.

"कुठं जाऊन राह्यले तुम्ही?"

"तुले भूक लागली असन."

"मले नाही लागली."

"काऊन खोटं बोलतं वं? मले दिसत नाही काय? जिन्याखाली उभी राहून खातं तू. चोरावानी."

मी तिथंच थांबले. इतके दिवस मला वाटत होतं की त्यांना ठाऊक नाही.

मागच्या गल्लीत एक हॉटेल होतं. दवाखान्यात जातायेता त्याच्या धुराचा वास यायचा आणि ह्यांची चाल मंदावायची, हे माझ्या ध्यानात आलं होतं. मालक रत्नागिरीकडचा मुसलमान, वयस्क, जन्मभर जहाजावर खलाशी होता. आत फार टेबलं नव्हती. प्रत्येक टेबलाच्या मधोमध भोक पाडून त्यात लोखंडी शेगडी बसवलेली, तिच्यावर जाळी. आम्ही बसल्यावर त्यानं निखारे आणून ओतले आणि एका ताटात कच्चं मटण आणून ठेवलं, कागदासारखं पातळ कापलेलं, वरून तीळ लावलेलं.

मी घाबरून म्हटलं, "हे तर कच्चं आहे."

तो हसला. "बाई, इथं गिऱ्हाईकानं स्वतः भाजायचं. आमचं जहाज कोरियाच्या बंदराला लागायचं. तिकडे लोक असंच खातात. सगळं घर शेगडीभोवती बसतं. एकजण भाजतो, बाकीच्यांना वाढतो. मला आवडलं. म्हटलं, जहाज सोडलं की असं हॉटेल काढायचं."

मटणाला लसूण, गूळ आणि लाल मिरची चोळलेली होती. बाजूला कोबीची धुतलेली पानं, वाटीत भात, आणि मिरची घालून आंबवलेल्या कोबीचं लोणचं. ह्यांनी कोबीचं पान उचललं, उजेडाकडे धरून पाहिलं, बोटांनी मोडून पाहिलं.

"शिळा आहे," मला हळूच म्हणाले. "आपल्या मळ्यातला आणून दिला असता याले."

मी चिमट्याकडे हात नेला तर त्यांनी तो आधीच उचलला.

"तुम्ही बसा ना स्वस्थ," मी म्हटलं. "मी पाहते भाजाचं."

"हे माहं काम आहे," ते म्हणाले.

त्यांनी एकेक तुकडा जाळीवर पसरला. चरचर आवाज झाला, गूळ करपल्याचा गोड वास उठला. धर्मशाळेत उशी सरळ करायलाही ज्यांचा हात उचलत नव्हता, ते शेगडीवर वाकून निखारे सारखे करत होते, कडेचे तुकडे मधे घेत होते. तोंडावर आच लागून गालांना थोडा रंग आला होता. कितीतरी दिवसांनी ते मला माझ्या नवऱ्यासारखे दिसले.

पहिला तुकडा झाला. त्यांनी तो कोबीच्या पानात ठेवला, वर चिमूटभर भात, थोडं लोणचं घातलं, पान गुंडाळलं आणि माझ्यासमोर धरलं.

"घे."

मी आजूबाजूला पाहिलं. पलीकडच्या टेबलावर परके पुरुष बसले होते. "तुमच्या आधी?"

"घे म्हणलं ना. हात दुखून राह्यला माहा."

मी घेतलं. खाल्लं. काय सांगू कसं लागलं. आधी गोड, मग तिखट, मग मटणाची खरपूस चव आणि कच्च्या पानाचा थंडपणा. इतके दिवस चहापाव खाऊन तोंडाची चवच गेली होती. मला लाज वाटली, पण मी तो घास आवडीनं खाल्ला. त्यांनी दुसरा दिला. मग तिसरा. प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे बघत थांबायचे.

"कसं झालं? सांग ना."

"चांगलं आहे."

"चांगलं म्हणजे कसं? मीठ हाय काय बरोबर? जास्त तर नाही भाजल्या गेलं?"

मग मी सांगत गेले. मीठ बरोबर आहे. हा जरा करपला. हा मऊ आहे, लोण्यासारखा. लसूण जास्त आहे. ते ऐकत होते, मान हलवत होते, आणि त्याप्रमाणे पुढचा तुकडा कमी-जास्त भाजत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी ते पुसत होते आणि चावत होते. धुरानं पाणी येतं म्हणायची सोय होती, म्हणून आम्ही दोघंही तेच धरून चाललो.

शेवटी त्यांनी एक तुकडा स्वतःच्या तोंडात घातला. मी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. ते डोळे मिटून खूप वेळ चावत राहिले. मग भिंतीकडे तोंड करून रुमालात चोथा काढला, रुमाल दुमडून खिशात ठेवला आणि पाणी न पिता तसेच बसले.

"चव आली," म्हणाले.

मालकानं हे पाहिलं असावं. तो आत गेला आणि वाटीत गाळलेला रस्सा घेऊन आला. चमच्यानं हलवून हलवून त्यानं तो स्वतःच निववला. काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "भाऊ, हे घोट घोट घ्या. घाई नाही. आता दुपारी आणखी कोणी यायचं नाही इकडे." ह्यांनी तो थोडा थोडा घेतला. अर्धा बाहेर आला, अर्धा आत राहिला. शेगडीतले निखारे राखेनं पांढरे होईपर्यंत आम्ही तिथं बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो. भुसावळपर्यंत ते माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले होते. चारचौघांत नवऱ्यानं बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवायचे ते दिवस नव्हते. मी पदर पुढे ओढून बसले, पण खांदा हलू दिला नाही.

पोळ्याच्या आत ते गेले. त्या दिवशी मी मळ्यात मिरच्या तोडत होते, त्यांनीच पाठवलं होतं. चुलत दीर बांधावरून धावत येताना दिसले आणि मी ओचा सोडला. सगळ्या मिरच्या पायावर सांडल्या. घरी पोचले तेव्हा त्यांना खाटेवरून खाली घेतलं होतं. मुलगी त्यांच्या पायाजवळ बसून अंगठा ओढत होती. तिला वाटत होतं ते झोपलेत.

तेराव्यानंतर सासूबाईंनी माझ्या गळ्यात तुळशीची माळ घातली. घालताना त्याच ओक्साबोक्शी रडल्या. मी नाही म्हटलं नाही. आमच्याकडे तेव्हा विधवेला मटण चालत नसे, म्हणून मग मुंबईचं ते माझं अखेरचं ठरलं. गावातल्या बायका विचारायच्या, "मुंबई पाहिली, समुद्र पाहिला काय वं?" मी म्हणायची, "नाही पाहिला." हॉटेलाचं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, नवरा मरायला टेकला होता आणि ही मटण खात बसली होती.

पुढं मळा मीच केला. मुलगी मोठी झाली, साखरखेर्ड्याकडे दिली. लग्नाच्या आधी एकदा माझे केस विंचरता विंचरता तिनं विचारलं, "माय, बाबाचा आवाज कसा होता वं?" मी खूप आठवलं. त्यांची बोटं आठवली, कपाळावरचा व्रण आठवला, बोललेले शब्द तर सगळेच आठवले. आवाज आला नाही. मी तिला म्हटलं, "चांगला होता." ती अजून काही ऐकायला मिळेल म्हणून थांबली होती. मी फणी तिच्या हातातून घेतली आणि उठून पाणी आणायला गेले.