चेंडू सुटायच्या आधी

सामना जिंकल्यावर मैदान इतकं गप्प झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. परवा माझ्या मुलीच्या, मीनलच्या, हाती शेवटची ओव्हर होती. समोरच्या संघाची नॉन-स्ट्रायकर, म्हणजे मीनलच्या टोकाला उभी असलेली फलंदाज, मीनलच्या हातून चेंडू सुटायच्या आधीच क्रीझ सोडून पळायची. मीनलने तिला बजावलंही होतं. तरी ती पळालीच, तेव्हा मीनल धावता धावता थांबली आणि तिने हलकेच बेल्स उडवल्या. पंचांनी बोट वर केलं; ती शेवटची विकेट होती. बाद झालेली मुलगी खेळपट्टीवरच बसून रडू लागली. मीनलने पुढे केलेला हात तिने धरला नाही.

"असं जिंकायचं असतं का?" शेजारच्या बाई मला ऐकू जाईल असं म्हणाल्या.

परतताना स्कूटरवर मागून मीनलने विचारलं, "बाबा, आधी पळाली ती ना?"

"हो."

"मी सांगितलं होतं ना तिला?"

"हो गं."

"मग सगळे माझ्याकडे असे का बघत होते?"

नियम तिच्या बाजूचा होता, माणसं नव्हती. खेळ शिकवताना हे कुणी शिकवत नाही, आणि मलाही ते कुठे येत होतं? तिने माझ्या पाठीवर कपाळ टेकवलं. शर्ट ओला होत गेला आणि मी गाडी चालवत राहिलो.