हात न बसलेला कॅमेरा

नवा कॅमेरा घ्यायचा म्हटलं की लोकांना आनंदाच्या उकळ्या फुटतात. मला घाम फुटला होता.

मी परभणीत लग्नाचे फोटो काढते. नवरा व्हिडिओ करतो, मी फोटो. जुना कॅमेरा माझ्या हातात इतका बसला होता की कुठलं बटण कुठं आहे हे मला सांगता आलं नसतं, बोटांना मात्र ठाऊक होतं. पण पिंगळीच्या एका लग्नात अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या आणि नेमकं तेव्हाच त्याचं शटर अडकलं. बॅटरी काढून परत घालेपर्यंत हार घालून झाले होते. मी नवरा-नवरीला पुन्हा हार घालायला लावले. दोघांनी हसून घातले, पण त्या फोटोत ते कॅमेऱ्याकडे बघतायत, एकमेकांकडे नाही. त्यानंतर प्रत्येक अंतरपाटाआधी मी बॅटरी काढून परत घालायची.

कॅमेरा बदलायचा हे ठरलं. कंपनी बदलायची का, यावर घरात महिनाभर रामायण चाललं. परभणीतले झाडून सगळे फोटोवाले एकाच कंपनीचे कॅमेरे वापरणारे. लग्नाच्या दाट तिथीला कुणाची लेन्स पडली, कुणाचा फ्लॅश बसला, तर शेजारच्या मंगल कार्यालयातून पाच मिनिटांत दुसऱ्याचा येतो. आज मी दिला, उद्या तू दे. कंपनी बदलली की हे सगळं तुटणार. पंगतीतून उठून एकटीनं जेवायला बसण्यासारखं ते होतं. नवरा म्हणाला, "अडलीस तर कुन्नी धावून येनार न्हाई, ध्यानात ठेव." ते मला त्यानं सांगायची गरज नव्हती. मी त्याच भीतीनं आधीच अर्धी झाले होते.

पण मला चाळिशी लागली होती. फोटो नेमका टिपला गेलाय की हलकासा पुसट आहे, हे मला छोट्या स्क्रीनवर कळेनासं झालं होतं. दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा गर्दीतूनही माणसाचा डोळा शोधतो आणि त्यावर हिरवी चौकट धरून ठेवतो. दुकानात ते बघितलं आणि मी भुलले.

पुसट फोटोची मला एवढी धास्ती का, तेही सांगते. आमच्याकडे माणूस गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी फोटोवाल्याकडे येतं. "तुमी अमक्याच्या लग्नात फोटो काढले होते, त्यात आमची म्हातारी असंल बघा." मग मी जुने फोटो उघडते, घोळक्यात ती म्हातारी शोधते, तिला कापून मोठी करते आणि तिचा भिंतीवरचा फोटो होतो. त्यामुळे लग्नात खुर्चीवर बसलेलं म्हातारं माणूस दिसलं की मला धडकीच भरते. ह्याचा हाच शेवटचा असला तर?

माझी आई गेली तेव्हा हेच झालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. जगाचे फोटो काढणाऱ्या बाईकडे स्वतःच्या आईचा धड फोटो नव्हता. एका चुलत बहिणीच्या लग्नातल्या घोळक्यातून मीच तिला कापून काढलं. माहेरी भिंतीवर तो लावलाय. आईच्या डाव्या बाजूला कुणा परक्या माणसाचा खांदा आहे. तो काही केल्या निघाला नाही.

तर, कंपनी बदलली. नवा कॅमेरा दसऱ्याच्या आधी घरात आला. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते पोखर्णीला भावाकडे राहतात. फोनवर सांगितलं तर म्हणाले, "हात बसलेली बैलजोडी मोडू न्हाई. पन बैल बसकाच निघाला तर काय करतीस? घे." तेवढ्यानं थोडा धीर आला.

खंडेनवमीला आमच्याकडे कॅमेऱ्यांची पूजा असते. दरवर्षीसारखी मी लेन्स वेगळी, कॅमेरा वेगळा मांडला, प्रत्येकाला आपापलं कुंकू मिळावं म्हणून. जुन्या कॅमेऱ्यात आत आरसा असायचा, तो सगळं झाकायचा. नव्यात आरसाच नाही. ज्याच्यावर फोटो उमटतो तो सेन्सर उघडा, तोंड वर करून पडलेला. सासूबाईंनी भक्तिभावानं चिमूट भरून हळदीकुंकू वाहिलं. ते थेट सेन्सरवर पडलं. नवऱ्यानं घाईघाईनं तोंडानंच फुंकर मारली आणि थुंकीचा तुषार आत गेला. ब्लोअरनं हवा मारली, चार फोटो काढून बघितले, काही दिसलं नाही. वाचलो म्हणून मी देवापुढं साखर ठेवली.

नव्या कॅमेऱ्याचं पहिलं मोठं काम म्हणजे माझ्याच भाचीचं, भावाच्या मुलीचं लग्न. पोखर्णीलाच, नृसिंहाच्या देवळाजवळ मंडप. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. या कंपनीच्या लेन्सची रिंग उलटी फिरते. माणूस जवळ आणायला जावं तर लांब जातो. धडा पाठ करावा तशी मी बोटं फिरवत बसले होते.

अंतरपाट निभावला. मग घोळक्याचे फोटो सुरू झाले. मागचीही माणसं नीट यावीत म्हणून लेन्सचं छिद्र लहान केलं आणि स्क्रीनवर डाग दिसला. वरच्या बाजूला, मधोमध, करडा, ज्वारीच्या दाण्याएवढा. प्रत्येक फोटोत, त्याच जागी. छिद्र मोठं असताना तो दिसत नव्हता एवढंच. खंडेनवमीचं काहीतरी आत चिकटूनच राहिलं होतं. मंडपात दुसरे फोटोवाले दोन होते, पण त्यांचं काही माझ्या कॅमेऱ्याला लागणारं नव्हतं. मी माणसांना पुढं-मागं सरकवत राहिले, डाग मंडपाच्या कापडावर पडेल असं करत. "काय गं, किती हलवायलीस," म्हणून काकू वैतागल्या.

तेवढ्यात दादा आले. धुतलेलं धोतर, टोपी, दाढी केलेली. हा माणूस जन्मात फोटोला उभा राहिलेला नाही, घोळक्यात असले तरी तोंड फिरवतात. खुर्ची ओढून समोर बसले.

"माझा एकट्याचा काढ."

"आता कशाला दादा? नंतर काढू की, सावकाश."

"आताच काढ," ते हळूच म्हणाले. "तुझ्या मायीच्या फोटूत दुसऱ्याचा खांदा हाय. माझ्यात नगं."

मला सगळं कळलं. इतकी भीती मला त्या अंतरपाटालाही वाटली नव्हती. कॅमेरा डोळ्याला लावला, दादांना जवळ घ्यायला रिंग फिरवली ती जुन्या सवयीनं. दादा लांब गेले. एवढ्या मोठ्या मंडपात एकटे, लहानसे. मी ओरडलेच असते. उलटी फिरवली, ते परत आले. हिरवी चौकट त्यांच्या डोळ्यावर बसली, डोळा कॅमेऱ्याकडेच होता. मी बटण दाबलं.

फोटो लख्ख आला. डाग मात्र बरोबर कपाळावर, बुक्का लावल्यासारखा. आणखी एक काढते म्हणाले तर दादा उठून पंगतीकडे गेलेसुद्धा.

कॅमेरा कधीचाच साफ होऊन आलाय. हातही बसलाय आता. फोटोवरचा तो डाग कॉम्प्युटरवर पुसायला मला मिनिटसुद्धा लागणार नाही. दादा दर आठवड्याला फोन करतात.

"धुतला का गं माझा फोटू?"

"न्हाई दादा. डाग आलाय. कॅमेरा दुरुस्तीला गेलाय."

"नवा कॅमेरा अन् दुरुस्तीला? कंपनी बदलून फसलीस की तू."

"व्हय दादा, फसले."

"असू दे," ते म्हणतात, "मला काय घाई न्हाई." आणि मी पुढच्या आठवड्याच्या फोनची वाट बघत राहते.