पौषातली चिडाची मुळं

मामंजींचं चिडाचं झाड जेमतेम हातभर उंच होतं, पण वयानं माझ्या नवऱ्याएवढं. मामंजी तरुणपणी हैदराबादेत एका नवाबाच्या कोठीवर कारकून होते. नवाबसाहेबांनी जपानहून कुंड्यांतली, मुद्दाम ठेंगणी ठेवलेली झाडं आणवली आणि ती सांभाळायला तिकडचाच माळी ठेवला. त्याच्याजवळ बसून मामंजी हे काम शिकले. पुढं नोकरी सोडून त्यांनी चौसाळ्यात किराणा दुकान घातलं, तेव्हा हैदराबादेहून एवढी एकच वस्तू बरोबर आणली. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात मामंजी, हे, मी आणि आमची रांगती मुलगी.

त्या हिवाळ्यात झाडाचं लक्षण ठीक नव्हतं. घातलेलं पाणी आत मुरेना, काठावरून ओघळून जाई. सुयांसारखी पानं पिवळी पडली. झाड कुंडीतून बोटभर वर आलं होतं, खालून कुणी ढकलत असल्यासारखं.

"मुळांनी माती खाऊन टाकली, पोरी," मामंजी म्हणाले. "आता कुंडीत नुसती मुळंच हायत. पौष सरायच्या आत कापाया पाहिजेत, न्हाईतर उन्हाळा काढत न्हाई हे."

त्याच दिवसांत आष्टीकडून गाठीच्या तापाची, प्लेगाची खबर आली. बाजार पातळ झाला. गिऱ्हाइकं पायरीवर बसेनात, उभ्यानंच मीठ-मिरची घेऊन जात. विहिरीवर बायका हळूच विचारीत, "तुमच्यात पडला का गं?" काय पडला, ते कुणी तोंडानं म्हणत नसे. ह्यांनी माळावर पाल ठोकायला बांबू आणून ठेवले.

एका सकाळी मामंजी अंगणात झाड घेऊन बसले. मी मुरूम चाळत होते. त्यांनी कुंडीच्या कडेनं सुरी फिरवली आणि झाड उपसलं. खाली कुंडीच्याच आकाराचा गठ्ठा होता. मुळं गोल गोल फिरून एकमेकींना आवळून बसलेली, आणि त्यांच्यात पांढरी बुरशी. मला शिसारी आली.

"ही धुवायची न्हाई," ते म्हणाले. "हिच्यावरच झाड जगतं."

बांबूच्या आकड्यानं ते एकेक मूळ सोडवत होते, कात्रीनं छाटत होते. अर्धीच बाजू कापायची, बाकीची पुढं कधीतरी. सगळी एकदम कापली तर झाड मरतं.

तेवढ्यात धान्याच्या कोठीच्या दारातून उंदीर बाहेर आला. भर उन्हात, माणसांना न भिता, झिंगल्यासारखा. अंगणात दोन गिरक्या घेतल्या आणि मुरमाच्या ढिगाजवळ आडवा झाला. मुलगी त्याच्याकडे रांगत निघाली होती. मी ओरडत तिला झडप घालून उचललं.

हे दुकानातून धावत आले. "आप्पा, उठा. गाडी जुंपतो."

"तुमी व्हा पुढं. मुळं उघडी हायत. वारं लागलं की संपलं."

"आप्पा, झाड हाय ते!"

"मला कळतंय रं, काय हाय ते. दिवस मावळायच्या आत येतो."

गाडी निघाली तेव्हा मी वळून पाहिलं. मामंजी मान खाली घालून मुळांमध्ये काडीनं मुरूम भरत होते. उंदीर तिथंच पडलेला होता.

संध्याकाळी ते माळावर आले, कुंडी छातीशी धरून. पण आमच्या पालापासून लांबच थांबले. "मी त्या लिंबाखाली ऱ्हातो. त्या घरात लई वेळ बसलोय." कडुलिंबाला घोंगडं बांधून त्यांनी आडोसा केला. वारं आणि ऊन चुकवायला झाडही तिथंच ठेवलं.

रोज सकाळी मी दगडावर भाकरी ठेवून मागं सरायची. मग त्यांची हाक यायची, "बरा हाय!" त्या हाकेपर्यंत मी तिथंच उभी राहायची. शेजारच्या पालातली बाई म्हणायची, "म्हाताऱ्यानं झाडापायी मरण ओढवून घेतलं." सगळ्या माळाचे डोळे त्या लिंबाकडे होते.

ह्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. माळावर लोकांना तेल-गूळ लागायचं, म्हणून हे दुकानात जाऊन येत. मी अडवलं तर म्हणायचे, "दुकान अंगणाच्या पल्याड, घरापासनं अलग हाय. तिथं कुटं काय पडलंय?"

एका दुपारी हे परत आले ते पालाबाहेरच बसले. डोकं जड झालंय म्हणाले. ऊन उतरेपर्यंत अंग भाजू लागलं. मी काखेकडे हात नेला तर त्यांनी तो झटकला. मग मला पाहायची गरजच उरली नाही. मी लिंबाकडे तोंड करून ओरडले.

मामंजी पळत आले. "पोरीला घे आन् माझ्या जागंवर जा. हिकडं पाऊल टाकायचं न्हाई."

"मी न्हाई जाणार."

"तुला काय झालं तर हिचं कोण हाय?"

मी मुलीला घेऊन निघाले. मागून त्यांचा आवाज आला, "झाडाला पाणी घालू नको. माती कोरडी लागली तरच." त्या घटकेला कुंडी दगडावर आपटून फोडावी असं वाटलं मला. माणूस तापात जळतोय आणि मामंजींना झाड सुचतंय!

आता मी लिंबाखाली आणि ते पालात. हाकेची वाट आता मी लिंबाखालून पाहत होते. पहिल्या सकाळी आली, "हाय!" नुसतं 'हाय'. पुढंही तेवढंच. मग एका सकाळी हाक आलीच नाही. मामंजी पालाबाहेर येऊन उभे राहिले. डोक्याला पटका नव्हता.

आमच्यात दहन नसतं, बसवून माती देतात. विधी करणारा जंगम यायला धजला नाही. मामंजींनी स्वतःच खड्डा खणला, स्वतःच मुलाच्या कपाळी विभूती लावली. मी लांबून पाहिलं. मुलीला जवळ नेऊ दिलं नाही त्यांनी.

मामंजींना काहीच झालं नाही. शिमग्यानंतर गाव परतलं. घरात ऊन येऊन रोग जावा म्हणून छपराचे पत्रे काढून ठेवले होते. झाड जगलं, चैत्रात त्याला फिकट कोंबही आले. मामंजींनी त्याला हात लावला नाही, त्याच्याकडे पाठ करूनच बसत. पाणी मी घालायची, आधी रागानं, मग सवयीनं. एकदा दुकानातून त्यांनी विचारलं, "मुरतंय का?"

"मुरतंय," मी म्हणाले. त्या झाडाविषयी एवढंच बोललो आम्ही.

वैशाखात वडवणीहून माझा भाऊ मला न्यायला गाडी घेऊन आला. आमच्यात दुसरं लग्न चालतं, आणि त्यानं कुठंतरी शब्दही टाकला होता. मामंजी म्हणाले, "जा म्हणत न्हाई, ऱ्हा म्हणत न्हाई. तुझं तू ठरव." हल्ली तागडी धरली की ते भलतंच वजन टाकत. गिऱ्हाईक ते पाहून दुसरीकडे नजर वळवी.

भावाला जेवू घातलं, बैलांना कडबा टाकला. त्याची रिकामी गाडी दिसेनाशी झाल्यावर मी मुलीला कडेवर घेऊन दुकानात गेले आणि मामंजींच्या हातातून तागडी घेतली.