तिसरा गुण

आमचा फुटबॉल क्लब त्या मोसमात एकही सामना हरला नाही, आणि तरीही जिल्हा लीगच्या वरच्या गटातून खाली ढकलला गेला. हे मी आजवर बऱ्याच जणांना ऐकवलं आहे. ऐकणारा आधी हसतो आणि मग म्हणतो, असं कसं होईल? मीही तेच विचारतोय, पण उत्तर कोणी देत नाही.

नागापूर एमआयडीसीच्या मागच्या अंगाला माझं जुन्या मशिनरीचं गोदाम आहे. बंद पडलेल्या कारखान्यांतली लेथ, मोटारी, पाईप मी उचलतो, चालू करतो आणि विकतो. सुरुवात सायकलवर भंगार गोळा करण्यापासून केली. ते मी कधी लपवलं नाही, पण दुसऱ्याने त्याची आठवण करून दिली की माझं डोकं फिरतं. गोदामामागे मोकळं रान होतं. तिथे संध्याकाळी कारखान्यांतून सुटलेली पोरं फुटबॉल खेळायची आणि माझ्या छताचे पत्रे फोडायची. एकदा मी लोखंडी गज घेऊन त्यांच्या अंगावर धावून गेलो. सगळे पळाले, पण त्यांचा गोलकीपर जागचा हलला नाही. लेथवर काम करणारा उंच, शांत गडी. रविवारी सकाळी चर्चमध्ये गायचा. तो म्हणाला, "शेठ, आमच्याकडं गोलपोस्ट न्हाई, म्हणून तुमच्या भिंतीवर मारतो. पोस्ट मिळाले तर भिंत सोडू."

हा सौदा मला पटला. मी जुन्या पाइपांचे दोन गोलपोस्ट वेल्डिंग करून दिले. पुढे जर्सी दिल्या, सामन्यांना जायला टेम्पो दिला, आणि बघता बघता मी क्लबचा अध्यक्ष झालो. मला फुटबॉल येत नव्हतं. पण सौदा येत होता, आणि दोन्हींत फार फरक नाही असं माझं मत होतं.

सौद्यात जो आधी भाव बोलतो तो फसतो. समोरचा कितीही घाई करो, आपण चहा पीत बसायचं. मी पोरांना तेच शिकवलं. पुढे जायचं नाही. आपल्या गोलसमोर दोन रांगा लावून उभं राहायचं. येऊ दे त्यांना, दमू दे, चिडू दे. मी रेषेवर उभा राहून नव्वद मिनिटं एकच शब्द ओरडायचो, "मागं! मागं!"

पोरं कुरकुरली, पण राहुरीच्या स्पर्धेत या पद्धतीचा चमत्कार दिसला. स्पर्धा चषकाची. हरला तो बाहेर, आणि बरोबरी झाली तर पेनल्टी. आमचा प्रत्येक सामना शून्य-शून्य सुटला आणि प्रत्येक वेळी पेनल्टी आली. तिथेही माझीच पद्धत होती. गोलकीपरला मी सांगितलं होतं, "हलायचं नाही. जो आधी हलला तो गेला." समोरचा खेळाडू चेंडूजवळ यायचा, आमचा गडी डावीकडे झेपावतो की उजवीकडे याची वाट बघायचा. आमचा गडी विठोबासारखा उभा. शेवटी गोंधळून तो बरोबर त्याच्या पोटावर चेंडू मारायचा.

अंतिम सामनाही आम्ही असाच जिंकला. बक्षीस समारंभात प्रमुख पाहुण्यांनी कमरेएवढा चषक माझ्या हातात दिला आणि "अस्सल पितळी आहे बरं का," असं माईकवर सांगितलं. सवयीप्रमाणे मी खिशातली किल्ली काढून चषकाच्या बुडाला एक ओरखडा मारला. आत पत्रा निघाला. मी तसं पाहुण्यांना सांगितलं. माईक अजून चालू होता.

त्याच सुमारास अधिक महिना आला आणि आम्ही जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. सोबत व्याहीही आले. ते राहात्याचे, पेरूची बाग आहे, बोलणं पेरूसारखंच गोड आणि आत बिया. त्यांचाही फुटबॉल क्लब आहे, आमच्याच गटात. लग्नाच्या बोलणीत मी त्यांच्याशी तीन तास घासाघीस केली होती आणि ते तिन्ही तास नुसते हसत बसले होते. शेवटी कोण जिंकलं ते मला आजही कळलेलं नाही.

ताटावर बसल्यावर ते म्हणाले, "व्याहीबुवा, चषक मिळाला, अभिनंदन. पण चषक म्हणजे चार दिवसांची जत्रा. खरा क्लब लीगमध्ये कळतो."

"म्हणजे आमचा खोटा?"

"तसं कुठं म्हणालो? नुसतं म्हणालो, लीगमध्ये पेनल्टी नसते."

बायकोने माझ्या ताटात वाढता वाढता हळूच म्हटलं, "अहो, जेवा." पण तोवर माझं डोकं पेटलं होतं. "पाव्हणं, ऐका. माझा क्लब खालच्या गटात गेला ना, तर बोर्ड उतरवून तुमच्या दारात आणून ठेवतो. पोरंसुद्धा तुमची. तुमच्या क्लबात घाला."

"राहू द्या हो. भरल्या ताटावर असं बोलू नये."

"मी शब्द दिला!"

जावई मान खाली घालून धोंडे खात राहिला. व्याही हसत होते.

पुढच्याच महिन्यात आम्ही राहात्याचाही चषक जिंकला, व्याह्यांच्या गावात, त्यांच्या डोळ्यांदेखत, पेनल्टीवर. या वेळी ओरखडा मारला नाही. बायकोने घरून निघतानाच किल्ली काढून घेतली होती. दोन्ही चषक गोदामाच्या ऑफिसात मांडले आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला मशीन दाखवायच्या आधी चषक दाखवायला लागलो.

लीगही जोरात चालली आहे असं मी समजत होतो. शून्य-शून्य, शून्य-शून्य, सगळं पद्धतीप्रमाणे. मग एके दिवशी गोलकीपर ऑफिसात येऊन म्हणाला, "शेठ, आपण खालून दुसरे हाय. खालचे दोन संघ बाहेर जातात."

"आपण हरलोय कुठं?"

"जिंकलोय तरी कुठं? जिंकल्याला तीन गुण, बरोबरीला एक. आपल्या नुसत्या बरोबऱ्या हायेत."

मला बरोबरी म्हणजे अर्धा विजय वाटत होती. इथे तर तिसरा हिस्सा निघाला. मी तसाच उठलो आणि लीग चालवणाऱ्या सेक्रेटरींच्या घरी गेलो. ते लुंगीवर पेपर वाचत बसले होते.

"साहेब, एक सामना जिंकला तर तुम्ही किती गुण वाटता?"

"तीन."

"आणि बरोबरी झाली तर?"

"एक आणि एक."

"म्हणजे दोन. सामना तोच, नव्वद मिनिटं तीच, पोरांचा घाम तोच. मग तिसरा गुण गेला कुठं?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. "कुठं म्हणजे? तो नसतोच."

"नसतो कसा? जिंकल्यावर असतो ना? बरोबरीत मधल्या मध्ये कोणीतरी ठेवून घेतो. अर्धा आमचा, अर्धा त्यांचा. आमचे आठ सामने झालेत. आठ अर्धे आमच्या नावावर टाका."

"शेठ, हा जगाचा नियम हाय."

"मग जगाला कळवा, नागापूरचा माणूस विचारतोय."

ते इतके हसले की आतून त्यांची बायको चहा घेऊन बघायला आली. चहा मी घेतला नाही. आजही मला वाटतं की माझा हिशेब बिनचूक आहे आणि एवढ्या मोठ्या खेळात तो कोणी तपासलेला नाही. असो.

शेवटचा सामना राहात्याशी, म्हणजे व्याह्यांच्या क्लबाशी. आम्हाला जिंकणं भाग होतं. त्यांना बरोबरी पुरत होती. सामन्याआधी मी पोरांना गोळा केलं आणि म्हणालो, "आज पुढं जायचं."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "पुढं म्हणजे कुठवर, शेठ?" एकाने विचारलं. तो थट्टा करत नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं.

सामना सुरू झाला. व्याह्यांचा अख्खा संघ आपल्या गोलसमोर दोन रांगा लावून उभा होता. हुबेहूब आमच्यासारखा! आमची पोरं मधल्या रेषेपर्यंत जायची आणि पुढे दुसऱ्याचं वावर असल्यासारखी थबकायची. एकदा तर दोन्ही संघ आपापल्या गोलसमोर आणि चेंडू मैदानाच्या मधोमध एकटाच. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "अरे, त्याला करमत न्हाई, कोणीतरी जा की जवळ!"

मी रेषेवरून "पुढं! पुढं!" म्हणून ओरडत होतो. शेजारी व्याही घडीच्या खुर्चीवर शांत बसले होते. "तुमचं बघूनच शिकलो हो," ते म्हणाले. "फार सोपी पद्धत आहे. पोरं दमतसुद्धा नाहीत."

शेवटची पाच मिनिटं राहिली आणि देव पावला. त्यांचा एक बचावपटू घसरून पडला आणि चेंडू आमच्या स्ट्रायकरच्या पायात आला. हा बाजारात फळांची गाडी लावणारा चपळ पोरगा. समोर फक्त त्यांचा गोलकीपर, बाकी कोणी नाही. अख्खं मैदान उभं राहिलं. मी जिवाच्या आकांताने ओरडायला गेलो, आणि इतक्या महिन्यांच्या सवयीने तोंडातून निघालं, "मागं!"

पोरगा गर्रकन वळला आणि त्याने तिथून, त्यांच्या गोलच्या दारातून, चेंडू थेट मागे आमच्या गोलकीपरकडे मारला. इतका लांब आणि इतका अचूक पास त्या मोसमात कोणी दिला नव्हता.

शिट्टी वाजली. शून्य-शून्य. ते वर राहिले, आम्ही खाली गेलो.

आठ दिवस गेले. मग व्याही पेरूची पेटी घेऊन आले. शब्दाचं त्यांनी नावही काढलं नाही, आणि तेच मला जास्त झोंबलं. मी म्हणालो, "चला," आणि त्यांना गोदामामागे घेऊन गेलो. पोरं सराव करत होती. मी शिडी लावली, क्लबचा बोर्ड उतरवायला चढलो आणि वरूनच सांगितलं, "आजपासून तुम्ही राहात्याच्या क्लबाचे. मी शब्द दिलाय."

खेळ थांबला. गोलकीपर शिडीखाली आला. "बोर्ड तुमचा हाय शेठ, खुशाल न्या. क्लब न्हाई देता येणार."

"का नाही? मी अध्यक्ष आहे."

"शब्द तुमी दिला. आमाला विचारून दिला का?"

मी तापलो. "माझी जर्सी, माझा टेम्पो, माझे गोलपोस्ट!"

"गोलपोस्टच्या बदल्यात तुमची भिंत वाचली. तो सौदा कवाच पुरा झाला."

मी व्याह्यांकडे बघितलं. निदान ते तरी आपला हक्क सांगतील असं वाटलं. ते हात जोडून म्हणाले, "व्याहीबुवा, खरं सांगू? मला हा संघ नकोच. हे गोल कुठे करतात?"

पोरं खो खो हसली. शिडीवर उभं राहून अपमान सहन करणं फार अवघड असतं. खाली उतरेपर्यंत राग टिकवावा लागतो.

मी उतरल्यावर गोलकीपर म्हणाला, "तुमी अध्यक्ष राहा. आमाला तुमी पायजे. खालच्या गटात खेळू, परत वर येऊ. फक्त एक अट. सामना चालू असताना तुमी टेम्पोत बसायचं. रेषेवर न्हाई यायचं, ओरडायचं न्हाई, मैदानाकडं तोंडसुद्धा करायचं न्हाई. तुमचं तोंड दिसलं की पोरांचे पाय मागं जातात."

"पहिल्या हाफात गप्प बसतो. दुसऱ्यात बोलतो."

"न्हाई."

"बरं, शेवटची दहा मिनिटं."

"न्हाई."

मग मी गप्प झालो. हा माझा हुकमाचा पत्ता. मी गप्प बसलो की भलेभले कारखानदार चुळबुळ करतात. पण हा गडी पेनल्टीला उभा राहतो तसा उभा राहिला. मिनिटं गेली. कोणीतरी खोकलं. व्याह्यांनी पेटीतला एक पेरू काढून खायला सुरुवात केली. शेवटी माझ्याच तोंडून निघालं, "कबूल."

खालच्या गटातला पहिला सामना राहुरीला होता. मी ठरल्याप्रमाणे टेम्पो मैदानाकडे पाठ करून लावला आणि केबिनमध्ये बसून राहिलो. आमची पोरं चार-तीन अशी हरली. आयुष्यातला पहिला पराभव! मला वाटलं, आता तोंडं उतरवून येतील. तर सगळे हसत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत टेम्पोत चढले. चार गोल खाल्लेली माणसं, आणि वाटेत भेळेसाठी थांबायचं म्हणतात!

भेळेच्या गाडीवर मला राहवलं नाही. "हसताय काय?" मी फळवाल्या पोरावर खेकसलो. "तुझा तो शेवटचा गोल चांगला होता, कबूल. पण डाव्या पायाने मारायची काय गरज होती? उजव्याने मारला असता तर चेंडू पोस्टला घासून नसता गेला."

पोरगा गोंधळला. "शेठ, उजव्यानंच मारला मी."

"डाव्याने! मी बघितलंय ना!"

"अल्ला कसम, शेठ. माझा डावा पाय नुसता उभं राहायला हाय."

"मला शिकवतोस? आणि चेंडूसुद्धा डावीकडूनच आला होता!"

सगळे ओरडायला लागले की चेंडू उजवीकडून आला होता. मी एकटा हटलो नाही. भेळवाल्यालाही मध्ये ओढलं. तेवढ्यात गोलकीपरने हातातला द्रोण ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि मग रस्त्यापलीकडे उभ्या टेम्पोकडे, ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशाकडे बघितलं. आरसा पार बाहेर वळवलेला होता.

"शेठ," तो म्हणाला, "मैदानाकडं तोंड करायचं न्हाई असं ठरलं हुतं."

"तोंड केलं नाही," मी म्हणालो. "आरशाचं तुमच्या अटीत नाव नव्हतं."