चार नवऱ्या आणि न लागलेलं लग्न

"तिसरा कवा येतंय गो?" हिराआत्याने मला विचारलेला हा शेवटचा प्रश्न. तिच्या नव्या घराच्या जिन्यात मी चपला घालत होते आणि ती दारात उभी राहून, पदर सावरत, एका जपानी कार्टून मालिकेच्या तिसऱ्या सीझनची चौकशी करत होती. मी म्हटलं, "अजून काही जाहीर केलं नाही गं त्यांनी. पुढच्या वर्षी येईल बहुतेक." "येऊ दे सावकाश," ती म्हणाली, "मना काय घाई नाय." पुढच्या मंगळवारी सकाळी, चहाचा कप हातात असतानाच ती गेली. आतेभाऊ संतोषचा फोन आला तेव्हा मी महापेच्या ऑफिसात होते. "आई गेली," एवढंच तो म्हणाला आणि फोन तसाच चालू राहिला. मागे कुणीतरी कुणाकुणाला कळवायचं त्याची यादी सांगत होतं... ती पूर्ण यादी मी ऐकत बसले. महिना होत आला, पण अजून रविवारी दुपारी चार वाजले की माझी नजर घड्याळाकडे जाते.

हिराआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण, आमच्या सारसोळे गावातल्या गावातच दिलेली, आणि गावाची धवलारीण. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण मांडवात बसून प्रत्येक विधीची गाणी म्हणते, त्यांना धवले म्हणतात. गावदेवाला आवतण देण्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं वेगळं, आणि सगळी ओळीने, एकही न गाळता म्हणायची. आत्याला लिहिता यायचं ते सहीपुरतं, पण रात्रभराची गाणी तिच्या डोक्यात जागच्या जागी होती. एका बड्या घरच्या लग्नात व्हिडिओवाला तिला म्हणाला, "मावशी, जरा शॉर्टमध्ये घ्या." आत्याने गाणं थांबवलं. "तू तुजा कॅमेरा शॉर्टमधी घे. मी काय नवऱ्याला अर्दीच हलद लावू?" तो बिचारा पहाटेपर्यंत शूटिंग करत बसला.

अशा बाईच्या भाचीने रजिस्टर लग्न केलं. आमच्याकडच्या हळदी ज्यांनी पाहिल्यात त्यांना माझी बाजू कळेल. डीजे, जेवणावळी, सगळ्या आळीला झोप नाही. मला ते नको होतं, आणि केदार सोलापूरचा, त्याला पन्नास माणसं एकदम दिसली तरी घाम फुटतो. लग्नाच्या आठवडाभर आधी आत्या घरी आली. म्हणाली, "वैशू, मांडव नको, डीजे नको, मटान पन नको. मना निस्ता दोन तास तुज्या घरान बसू दे. तुजा धवला म्हनीन आनि जाईन." मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि जगातलं सगळं मला कळत होतं. मी म्हटलं, "आत्या, तेच तेच असतं गं ते. एकच ओळ चार-चार वेळा. ऐकतं कोण?" तिने पाणी मागितलं, प्यायली आणि उठली. अर्ध्या गावाची लग्नं जिच्या आवाजात लागली, तिच्या सख्ख्या भाचीचं लग्न एका टेबलावर सह्या करून उरकलं. तिच्या लेखी ते लागलंच नव्हतं. "सई तं गॅसवाल्याला पन करतंव," असं ती गावात म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. बोलणं तोडलं नाही तिने. सुक्या बोंबलाची चटणी येत राहिली. पण केदारला ती कधी जावई म्हणाली नाही. "वैशूच्या घरचा तो सोलापूरवाला," हीच त्याची ओळख. मला ते फार लागायचं, आणि लागतंय हे दाखवायची मला लाज वाटायची.

अशी तीन वर्षं गेली. मग संतोषने गावठाणातलं जुनं घर पाडून चार मजली बांधायला काढलं. त्याने बायकामुलांसाठी एक खोली भाड्याने घेतली, तिथे आत्याने सहा-सात महिने कसेबसे काढले, मग सोय होईना, तेव्हा ती पत्र्याची एक पेटी घेऊन नेरूळला आमच्याकडे आली. पहिला आठवडाभर पाहुण्यासारखी बसायची. चहा दिला की "कशाला उगा?" म्हणायची. केदार समोर आला की पदर डोक्यावर.

त्याच आठवड्यातल्या रविवारी माझ्या लाडक्या मालिकेचा दुसरा सीझन सुरू झाला. या मालिकेबद्दल मी चारचौघांत बोलत नाही, पण आता लपवून काय करू? एक बावळट मुलगा असतो, आणि त्याच्यावर चार मुली जीव टाकतात. का, ते त्यालाही माहीत नसतं आणि लेखकालाही. एक भांडकुदळ, एक श्रीमंताची, एक अबोल, एक लहानपणापासूनची शेजारीण. बारा एपिसोडभर तो कुणालाच हो म्हणत नाही. म्हणायला तोंड उघडलं की दार उघडतं, फोन वाजतो नाहीतर मांजर उडी मारतं. असल्या मालिका शेकड्यांनी निघतात, सगळ्या एकाच साच्यातल्या, आणि कॉलेजपासून मी त्या दाण्यांसारख्या खात आलेय. त्या दुपारी आत्या हॉलमध्येच होती, मी लावायला कचरत होते. ती म्हणाली, "लाव गो, मना काय करायचा हाय?" दहाव्या मिनिटाला तिने विचारलं, "या चवघींतली नवरी कंची?" मी म्हटलं, "तेच तर ठरत नाही." आत्या सरसावून बसली. लग्न ठरत नाही म्हटल्यावर ती गप्प बसणार होती थोडीच!

दुसऱ्या रविवारपर्यंत बारसं उरकलं होतं. भांडकुदळ मुलगी चिंबोरी, म्हणजे खेकडी, कारण जवळ गेलं की नांगी मारते. श्रीमंताची ती पापलेट. अबोल ती निवटी, आमच्या खाडीतली चिखलात लपणारी मासळी. चौथी नुसती शेजारीण. मुलाचं खरं नाव तिने एकदाही घेतलं नाही, तो पहिल्यापासून 'नवरा'. भाषा जपानी, खालच्या ओळी इंग्रजीत, आणि त्या मी तिला मराठीत सांगायची, पण तिला फारशी गरज नसायची. "आता त्यो पाय घसरून पडल," ती आधीच सांगायची, आणि तो पडायचा. मीच चिडायचे. "हेच सगळं पहिल्या सीझनमध्ये झालंय. आता समुद्रावर जातील, मग जत्रा, मग कुणाला तरी ताप येईल. नवीन काही सुचतच नाही यांना!"

"तुना ठावं हाय, तरी बगतेस ना?"

"बघते... सवय आहे म्हणून."

"हलद परतेक लग्नान पिवलीच असतंय गो. म्हनून कोन हलदीला जायाचा र्‍हातंय का?"

हे ती टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली. 'तेच तेच असतं' हे माझंच वाक्य तिने तीन वर्षं सांभाळून ठेवलं होतं की सहज बोलून गेली, कोण जाणे.  तिचं काही चूक नव्हतंच. नवी गोष्ट बघताना आपण पाहुण्यासारखे अंग चोरून बसतो. दुसऱ्या सीझनला आपण घरचे असतो. कोण रुसणार, कोण घसरणार, सगळं ठाऊक, आणि ते तसंच झालं की बरं वाटतं. ऑफिसात रोज काहीतरी अनपेक्षित होतच असतं. रविवारी दुपारी मला चिंबोरीने न चुकता कानाखाली मारलेली हवी असायची.

आत्या गायला कधी लागली ते नीट आठवत नाही, बहुधा पहिल्याच एपिसोडला असेल. सुरुवातीचं गाणं लागलं की तीही काहीतरी गुणगुणायची. मग हळूहळू मोठ्याने. त्या आठवड्यात जी मुलगी पुढे असेल तिच्या नावाने गाणं. "आज निवटीचा नंबर," म्हणायची आणि तिच्यासाठी धवला सुरू. आम्ही हसायचो. केदारही पेपर बाजूला टाकून येऊन बसायला लागला होता. पाय लांब करायला हवेत म्हणून सोफा आत्याने घेतला होता आणि आम्हा दोघांना समोर चटईवर बसवलं होतं. "तू हिकरं, त्यो तिकरं," अशी जागासुद्धा नेमून दिली होती. समुद्राच्या एपिसोडला ती स्वयंपाकघरात मासळीला हळद-मीठ लावत होती. मी हाक मारली तशी हात न धुताच आली आणि जाता जाता दोन बोटं माझ्या गालावर ओढली, मग केदारच्या. "आत्या, शी! माशाचा वास!" मी ओरडले. ती खदखदून हसली आणि सोफ्यावर बसून गायला लागली. टीव्हीवर चारी मुली पाण्यात खेळत होत्या.

बारावा एपिसोड संपला तेव्हा नवरा होता तिथेच होता. मला राग आला, पण आत्या खूश होती. मी म्हटलं, "तुला तरी लग्न बघायचं असेल ना?" ती म्हणाली, "वैशू, मी लय पोरींची लग्ना लावली. लगीन लागला का पोर गेली. मांडवान रडारड, दुसऱ्या दिवशी घरान तिचा निस्ता फनी र्‍हातंय. इथं बग, चारी पोरी घरान हायेत. कोन गेली नाय, कोन रडली नाय. त्या येड्याला म्हनावं, तू पडत र्‍हा." मग तिने एक गाणं म्हटलं, संथ, खालच्या पट्टीत. आज कुणाचा नंबर, हे तिने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. केदारने चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी संतोष गाडी घेऊन आला, नवं घर तयार झालं होतं. पेटी उचलायला केदार पुढे झाला तेव्हा ती संतोषला म्हणाली, "तू धर रं. जावयाला कशाला उचलायला लावतंस?" मी डबे भरत होते. ऐकलं, आणि डबे भरत राहिले.

आत्याच्या बाराव्याला गावात गेले तेव्हा जनामावशी शेजारी बसली. जनामावशी म्हणजे आत्याची जोडीदारीण. आत्याने ओळ टाकायची, हिने उचलायची, चाळीस वर्षं दोघींनी असं गायलं. सांत्वनाचं बोलणं मला जमत नाही, म्हणून मी तिला टीव्हीची गंमत सांगितली. चिंबोरी, पापलेट, दर रविवारचं गाणं. जनामावशी हसली नाही.

"पयला कंचा म्हनली?"

शब्द मला येत नव्हते, चाल गुणगुणले. "गावदेवाचा आवतान," ती म्हणाली. "मंग?" मी दुसरी चाल म्हटली. "मांडवाचा." मग तांदळाचं. मग हळदीचं, नाहणाचं. मी अडखळले की ती पुढच्या गाण्याची ओळ हळूच लावून द्यायची, आणि ती बरोबर पुढच्या रविवारची निघायची. एकही मागेपुढे नाही, एकही गाळलेलं नाही.

"जावय व्हता का जोडीला?"

"होता. चटईवर."

"पाट नसंल तं चटय चालतंय." जनामावशीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "टीवीतल्या पोरींचा नाय गो... तुजा लगीन लावला तिना."

संध्याकाळी घरी आले तेव्हा केदार कांदा चिरत होता. मी दारातूनच सांगितलं, "आत्याने आपलं लग्न लावलंय."

"कधी?"

"दुसऱ्या सीझनमध्ये."

त्याने सुरी खाली ठेवली. जनामावशीने सांगितलेलं सगळं मी ओळीने सांगितलं. तो खुर्चीत बसला आणि एकेक रविवार बोटांवर मोजायला लागला. समुद्र म्हणजे हळद. ताप आला तो एपिसोड म्हणजे नाहण. "आणि शेवटचं, ते संथ?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "पाठवणीचं." त्याने मोजायला धरलेली बोटं मिटली. मग म्हणाला, "पण तू तर इथेच होतीस. निघून आत्याच गेली."

मी तिथेच स्वयंपाकघरात बसून रडले. फोन आला त्या दिवशीही इतकी रडले नव्हते. "आत्या, म्हण माझा धवला," एवढं एकदा तोंडाने म्हणायला हवं होतं मी. ते म्हणायची वेळ तिने माझ्यावर येऊच दिली नाही.

आता आम्ही दुसरा सीझन पहिल्यापासून परत लावलाय. रविवारी चार वाजता, चटईवर, तिने नेमून दिलेल्या जागी, मी हिकडे आणि केदार तिकडे. नवरा घसरून पडतो, चिंबोरी त्याला मारते, निवटी काही बोलत नाही. टीव्हीचा आवाज आम्ही बंद ठेवतो.